बाईंचं देणं

बाई मला कुठल्या वर्गात शिकवायला नव्हत्या. मुंबईच्या एका कॉलेजात त्यांनी गृहविज्ञान शिकवलं, निवृत्त झाल्या आणि जुन्या पनवेलमधल्या सासरच्या घरी राहायला आल्या. मी त्यांना भेटले तेव्हा माझी चाळिशी उलटून गेली होती. दोन मुलं, उरण रस्त्यावरच्या एका कंटेनर यार्डात हिशेबाची नोकरी, आणि आता नवीन काही शिकायचं उरलेलं नाही अशी समजूत. आज मी ताटावर बसते तेव्हा डोक्यात बेरीज-वजाबाकी चालू नसते, हे बाईंचं देणं आहे. माझ्या भावाची मुलगी आज धडधाकट आहे, हे त्याहून मोठं. नाव लिहायचं नाही असं त्यांनी बजावलं आहे, म्हणून इथंही त्या नुसत्या बाईच.

न्हावा शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं. पनवेल-उरण पट्ट्यातल्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटते, आमचीही. पण काम बैठं. सकाळी कंपनीची बस, दिवसभर खुर्ची, कॅन्टीनचा चहा आणि त्याबरोबर क्रीमची बिस्किटं, महिनाअखेरीला रात्री उशिरापर्यंत थांबणं. वार्षिक तपासणीत साखर काठावर निघाली. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा. कसं, ते सांगायला त्यांच्याकडे वेळ नव्हता आणि विचारायचं मला सुचलं नाही.

त्या वर्षी भाऊबीजेला भावानं मनगटावरचं घड्याळ दिलं. पावलं मोजणारं, नाडी मोजणारं. त्याच्या ॲपनं माझं वय, उंची, वजन विचारून घेतलं आणि दिवसाला १४०० कॅलरींचा कोटा ठरवून दिला. इथपर्यंत ठीक होतं. पण चालून आलं की तो कोटा वाढायचा. वडाळे तलावाला तासभर फेऱ्या मारून यावं, तर घड्याळ सांगायचं ३२० जाळल्या, आणि ॲपवर १४००चे १७२० झालेले दिसायचे. मी खातेवही लिहिणारी बाई. जमेला रक्कम दिसली की ती खर्चायला मोकळी, हे माझ्या हाडात मुरलेलं. तलावावरून परतताना वडापाव घ्यायचे. चोरून नाही, हक्कानं. नवरा काही बोललाच तर मनगट पुढं करायचे.

रविवारी मैत्रिणींबरोबर कर्नाळ्याला जायचे. अभयारण्यातून वर चढून किल्ल्याच्या सुळक्यापाशी जाऊन खाली यायचं म्हणजे अर्धा दिवस जातो, घाम निथळतो. घड्याळावर भलामोठा आकडा यायचा. मग महामार्गावर मिसळ, वडे, वर कोकम सरबत, आणि घरी आल्यावर दुपारभर लोळणं. संध्याकाळी पाय दुखतात म्हणून जेवण बाहेरून. हे सगळं हिशेबात बसत होतं. सुरुवातीला वजन थोडं उतरलं, मग थांबलं, आणि पावसाळा संपेपर्यंत मूळ जागी आलं. ॲपच्या गणितानं तोवर माझे चार किलो जायला हवे होते. मी घड्याळावर संशय घेतला नाही. स्वतःवर घेतला. आपलं शरीरच खोटं आहे, थायरॉईड असेल, आईकडून आलं असेल, असं काहीबाही वाटत राहिलं.

बाई तलावावर रोज दिसायच्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, चाल संथ. चालताना कुणाशी बोलायच्या नाहीत. एका संध्याकाळी माझी पावलं ठरल्या आकड्याला थोडी कमी पडत होती आणि अंधार झाला होता, म्हणून मी बाकाजवळ एका जागी उभी राहून पाय आपटत होते. बाई येऊन बाकावर बसल्या.

"कुणावर रागावलीस?"

मी घड्याळ दाखवलं, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"आणि या आकड्याचं तू करतेस काय?"

"खाते."

"आकडा?"

"नाही हो, तेवढं जास्तीचं खायला मिळतं."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझं वजन विचारलं. ७२, मी म्हणाले. मग त्यांनी तिथंच बसल्या बसल्या मला पहिला धडा दिला. माणूस स्वस्थ बसला असेल तर दर किलोमागं तासाला साधारण एक कॅलरी वापरतो. म्हणजे मी तासभर बाकावर बसून राहिले असते तरी ७२ गेल्याच असत्या. हृदय, फुप्फुसं, मेंदू काही माझ्या परवानगीनं चालत नाहीत. मध्यम चालीनं चाललं तर बसल्याच्या सव्वातीन ते साडेतीन पट लागतात. सढळ हातानं धरलं तर २५०. त्यातून बसल्याच्या ७२ काढून टाक. चालण्याची खरी मिळकत उरली पावणेदोनशे. आणि त्या दिवशीच्या १४०० ठरवताना त्या बसल्याच्या ७२ ॲपनं आधीच धरलेल्या होत्या. मी त्या दोनदा जमेला घेत होते. हिशेबनीस असून.

त्या रात्री मला झोप आली नाही. वजनाचं नव्हे, दुहेरी नोंदीचं वाईट वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाठून विचारलं, की घड्याळ मग ३२० का सांगतं? तेव्हा त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या तपासणीबद्दल सांगितलं. २०१७ साली तिथल्या लोकांनी मनगटावरची सात वेगवेगळी यंत्रं साठ माणसांना बांधून तपासली. नाडीचे ठोके बहुतेक यंत्रांनी चांगले मोजले. जाळलेल्या कॅलरी मात्र एकालाही धड सांगता आल्या नाहीत. त्यातल्या त्यात बऱ्या यंत्राची चूक सरासरी २७ टक्के होती आणि सगळ्यात वाईटाची ९३ टक्के. बाई म्हणाल्या, "घड्याळ फेकू नकोस, भावानं दिलंय. नाडी बघ, वेळ बघ. तो आकडा तेवढा झाकून ठेव." मी तो खरोखरच सेटिंगमध्ये जाऊन काढून टाकला.

मग त्यांनी मला घरी बोलावलं. त्यांच्या स्वयंपाकघरात कपाटाच्या कोपऱ्यात हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं जुनं पुस्तक होतं, गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली काढलेलं, भारतीय अन्नाच्या पोषणमूल्यांचं. पानं पिवळी, कडेला बाईंच्या पेन्सिलीच्या खुणा. त्याच्या तक्त्यावर बोट ठेवून त्यांनी मला वाचायला लावलं. शंभर ग्रॅम ज्वारी ३४९, बाजरी ३६१, तांदूळ ३४५, नाचणी ३२८. मी तेव्हा भात सोडला होता आणि भाकऱ्या मनसोक्त खात होते, कारण भाकरीनं वजन उतरतं हे आमच्या ऑफिसात सर्वांना ठाऊक होतं. ज्वारी-बाजरीत तांदळापेक्षा चार कॅलरी जास्तच निघाल्या. भाकरी चांगली, तंतू जास्त, पोट भरल्यासारखं लवकर वाटतं. पण ते वाटण्याआधी तीन खाल्ल्या तर काय उपयोग, असं त्या म्हणाल्या. पुढं साबुदाणा ३५१, शेंगदाणे ५६७. माझे उपासाचे दिवस आठवून मी पुस्तक मिटलं.

धूतपापेश्वरची औषधं १८७२ पासून ज्या गावात तयार होत आली, त्या पनवेलात पचन आणि जठराग्नी यांवर दोन शब्द ऐकवणारं माणूस प्रत्येक आळीत सापडतं. मीही कोमट पाण्यात मध, दालचिनीचा काढा, सगळं करून बसले होते. बाईंनी यातलं काही सुचवलं नाही. त्यांनी एकच विचारलं, घरात तेल किती लागतं?

"पाच लिटरचा डबा. महिन्याला."

"माणसं किती?"

"चार."

"मग हिशेब तूच मांड, तुझाच धंदा आहे."

पाच लिटर तेल वजनाला साधारण ४६०० ग्रॅम. चार माणसं, तीस दिवस. माणशी दिवसाला ३८ ग्रॅम. तेलाच्या एका ग्रॅमला नऊ कॅलरी. दिवसाला साडेतीनशेच्या जवळ कॅलरी मी नुसत्या तेलातून खात होते, आणि ॲपमध्ये 'भेंडीची भाजी, एक वाटी' असं लिहिलं की त्यातलं बहुतेक तेल गळून जात होतं. शिवाय ज्याची कुठंच नोंद नव्हती ते वेगळं: मुलाच्या डब्यात उरलेली अर्धी पोळी, आमटीची चव बघताना पोटात गेलेले चमचे, पातेल्याच्या तळाचा चार घास भात, जो टाकवत नाही. घरातल्या बाईचं निम्मं जेवण उभ्यानंच होतं आणि ते कुणीच मोजत नाही, असं बाई म्हणाल्या. ही माझी चूक आहे असं त्यांच्या बोलण्यात कुठं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या उमेदीच्या काळात त्यांचंही तेच झालं होतं.

म्हणजे चालण्यातून मिळालेलं मी वाढवून लिहीत होते आणि खाल्लेलं कमी करून. दोन्ही चुका एकाच बाजूला झुकणाऱ्या. वर चालण्याची मिळकत पुन्हा खाऊन टाकत होते.

पण एवढ्यानं सगळं उलगडलं नव्हतं. मी वडापाव सोडला, तेल कमी केलं, वजन हलायला लागलं. तरी कर्नाळ्याच्या रविवारांचा काही फरक दिसेना. एवढी चढण चढून काहीच कसं नाही? बाईंनी विचारलं, वरून आल्यावर दिवसभर काय करतेस? लोळते, म्हणाले. एरवी रविवारी मी घर झाडायचे, कपडे वाळत घालायचे, मंडईत जायचे, संध्याकाळी आईकडे पायी जायचे. कर्नाळ्याच्या दिवशी यातलं काहीच होत नव्हतं. शरीर एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं काढून घेत होतं.

हे माझ्यापुरतंच नव्हतं. बाईंनी मला टांझानियातल्या हाड्झा लोकांबद्दल सांगितलं. शिकार आणि कंदमुळांवर जगणारी ही माणसं दिवसभर चालतात, खणतात. हर्मन पाँट्झर नावाच्या शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यांचा दिवसाचा ऊर्जाखर्च मोजला आणि २०१२ साली प्रसिद्ध केला. शरीराचं आकारमान लक्षात घेतलं तर तो खुर्चीत बसून काम करणाऱ्या अमेरिकन माणसाच्या खर्चाइतकाच निघाला. हालचाल वाढली की शरीर आतल्या इतर कामांत काटकसर करतं, असं पाँट्झरचं म्हणणं. सगळे शास्त्रज्ञ ते जसंच्या तसं मानत नाहीत. पण २०२१ साली बऱ्याच देशांतल्या मोजमापांवरून निघालेला निष्कर्षही त्याच दिशेचा होता: हालचालीत जास्तीची ऊर्जा गेली तर सरासरी २८ टक्के शरीर इतरत्र भरून काढतं, आणि ज्यांच्या अंगावर चरबी जास्त त्यांच्यात हे प्रमाण अधिक. म्हणजे पावणेदोनशेचेही पुरते पावणेदोनशे नाहीत.

मला तेव्हा फार राग आला होता. मग चालायचंच कशाला, असं मी बाईंना विचारलं. आवाज चढला होता. बाई शांतपणे म्हणाल्या, "दात कशाला घासतेस? वजन उतरावं म्हणून?"

त्यांनी एक जुनी छायाप्रत काढून दाखवली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचं छायाचित्र, २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेलं. दोघं शेजारी शेजारी उभे, अंगकाठी सारखीच, उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्यात २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत जाऊन गाठणं, असंही त्या मजकुरात मिस्कीलपणे लिहिलं होतं. आईच्या पोटात असतानाचं कुपोषण हेही एक कारण असू शकेल, असा पुण्याच्या अभ्यासाचा रोख होता. बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसांना मधुमेह का गाठतो, हे बाईंनी मला त्या एका चित्रावरून समजावलं. काट्यावरचा आकडा चरबी आणि स्नायू यांत फरक करत नाही. नुसतं खाणं तोडून वजन उतरवलं तर स्नायूही जातात, आणि जेवणातली साखर रिचवणारं मोठं कोठार स्नायूच असतात. चालायचं, उठाबशा काढायच्या, वजन उचलायचं ते यासाठी. त्याची मजुरी वडापावात मागायची नाही.

त्यांनी मला ओट्याला धरून उठाबशा काढायला लावल्या. जेवल्यावर पंधरा मिनिटं गच्चीत चालायला लावलं. आणि ज्या प्रश्नानं मी इतके महिने डोकं पिकवून घेतलं होतं, व्यायामात गेलेलं परत खायचं की नाही, त्याचं उत्तर त्यांनी माझ्यापुरतं असं दिलं: "तू नको खाऊस. चाललीस तरी तेवढंच, नाही चाललीस तरी तेवढंच. कर्नाळ्याहून आल्यावर खरोखर पोटात कावळे ओरडले तर एक भाकरी आणि वाटीभर वरण जास्त घे. भूक लागली म्हणून घे, घड्याळ म्हणतं म्हणून नको." 'माझ्यापुरतं' हा शब्द त्यांनी ठासून उच्चारला होता. माझ्या कानावर तो पडला, आत गेला नाही.

वजन सावकाश उतरलं. त्याचा तपशील सांगण्यासारखा नाही. साखर काठावरून आत आली, कंबर कमी झाली, पावसाळ्यात पायऱ्या चढताना दम लागेनासा झाला. ऑफिसातल्या बायका विचारू लागल्या. मी सल्ला देऊ लागले. बाईंचं वाक्य मी माझं म्हणून सांगत होते: जाळलेलं परत खायचं नाही.

त्याच सुमारास माझी भाची पोलीस भरतीची तयारी करू लागली. भावाची मुलगी, वय १९. पनवेल तालुक्यात कुठल्याही मैदानावर पहाटे गेलात तर अशा मुली दिसतील. मुलींची मैदानी चाचणी ५० गुणांची: ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. त्यासाठी ती दोन-दोन तास घाम गाळायची, परत संध्याकाळी जायची. हलकी झालीस की वेळ कमी लागेल, असं मैदानावर कुणीतरी सांगितलं. तिनं मला विचारलं, आत्या, तुझं उतरलं, माझंही उतरव ना. आणि मी माझं ॲप तिच्या मोबाईलवर घातलं. १४००चा कोटा दिला. मैदानावर कितीही पळालीस तरी एक घास जास्त घ्यायचा नाही, असं बजावलं. मला वाटलं मी बाईंची विद्या पुढं देते आहे.

मुलगी झरझर बारीक झाली. घरात कौतुक झालं. तिची वेळ आधी सुधारली, मग बिघडली. नडगी दुखायला लागली. चिडचिड, थंडी वाजणं, जिन्यात बसून राहणं. आम्ही म्हणालो, परीक्षेचा ताण. पाळी येईनाशी झाली होती, पण ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. तिला ती कटकट गेल्यासारखीच वाटली होती. मैदानावरच्या इतर मुलींनीही म्हणे सांगितलं होतं की एवढा सराव केला की असं होतंच.

एकदा ती माझ्याबरोबर बाईंकडे आली. बाईंनी तिला पाहिलं, चहाबरोबर लाडू पुढं केला. तिनं लाडू परत केला आणि म्हणाली, "आजी, आज माझा कोटा संपलाय." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तेवढ्या एकदाच मला त्यांची भीती वाटली. मला बाहेर बसवून त्यांनी तिच्याशी बोलून घेतलं. मग मला आत बोलावलं आणि कागद पुढं ओढला.

वजन ४८. चरबी वगळता शरीर साधारण ३८ किलो. खाते १४००, मैदानावर जातात निदान ५००. उरल्या ९००. ३८ने भाग. किलोमागं २४ सुद्धा नाहीत. व्यायामाचा खर्च वजा जाता शरीराच्या स्वतःच्या कामाला किलोमागं ४५च्या आसपास मिळावं, आणि ३०च्या खाली फार काळ राहिलं तर शरीर एकेक खोली बंद करायला लागतं. पहिली बंद होते ती पाळी. मग हाडं. पाळीमागचं संप्रेरक कमी पडलं की हाडं ठिसूळ होतात. या वयात हाडांची जी पुंजी साठते ती पुढं भरून काढता येत नाही. नडगी दुखत होती ती उगाच नव्हती. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ साली या प्रकारावर निवेदन काढलं आहे, हा नाजूक मुलींचा चोचला नाही, असं बाई म्हणाल्या, आणि मग त्यांचा आवाज खाली आला.

"तुला जे सांगितलं ते ७२ किलोच्या, चाळीस वर्षांच्या, खुर्चीत बसणाऱ्या बाईला सांगितलं होतं. हिला कुणी सांगितलं?"

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतं.

तिच्यासाठी त्यांनी बरोबर उलटं सांगितलं. मैदानावर गेलेलं सगळं परत खायचं, वर थोडं जास्त. पहाटे निघण्याआधी केळं. आल्या आल्या दूध आणि शेंगदाण्याची चिक्की किंवा दोन अंडी. भात, वरण, वर तूप. कोट्याचं ॲप मोबाईलमधून काढायचं. नडगीचा एक्स-रे आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची गाठ त्याच आठवड्यात, आणि डॉक्टर म्हणतील तोवर धावणं बंद. भाऊ-वहिनींना हे समजावणं सोपं नव्हतं. मुलगी पुन्हा जाड होईल ही वहिनीची धास्ती. बाई स्वतः त्यांच्या घरी गेल्या. जिना चढताना दोनदा थांबल्या, पण गेल्या.

काही महिन्यांनी पाळी परत आली. वजन तीन-चार किलो वाढलं आणि ८०० मीटरची वेळ कमी झाली. पहिल्या भरतीत ती मैदानी चाचणी पार करून लेखी परीक्षेत अडली. आता पुन्हा बसते आहे. मला अजून आत्याच म्हणते, हे तिचं मोठेपण.

बाईंकडून मी काय घेतलं, हे मला त्या दिवसानंतर कळलं. नियम घेऊन मी हुशार झाले होते. बाई नियमाआधी माणूस बघायच्या: वजन किती, वय किती, दिवसभर काय करते, रात्री झोपते का, घरात कोण शिजवतं. मी कुणाला सल्ला देणं थांबवलं आहे. ऑफिसात कुणी विचारलंच तर आधी तेलाचा डबा किती दिवस पुरतो ते विचारते, आणि साखरेची औषधं चालू असतील तर डॉक्टरांकडे पाठवते.

बाई आता ऐंशीच्या घरात आहेत. तलावावर येतात, पण एकच फेरी. गेल्या वर्षी त्यांचं वजन उतरायला लागलं. या वयात वजन उतरणं चांगलं नव्हे, स्नायू जातात, पडलं की हाड मोडतं, हेही मला त्यांनीच सांगितलं होतं. म्हणून सध्या त्यांचा दुपारचा डबा माझ्याकडून जातो. त्यात मी उसळ घालते, दही घालते, पोळीला तूप जरा सढळ लावते. परवा डबा परत आला तेव्हा आत चिठ्ठी होती: तूप चाललं, मीठ जास्त झालं. पैसे घ्यायला मी तयार नाही म्हणून त्यांनी ते १९७१चं पुस्तक मला देऊन टाकलं आहे. म्हणजे तिथंही देणं माझ्याच बाजूला वाढलं.

वाचणाऱ्यांना एक विनंती आहे. तुमच्या घरात भरतीसाठी किंवा शर्यतीसाठी धावणारी मुलगी असेल, तर तिला वजन विचारू नका. पाळी वेळेवर येते का ते विचारा. तीन महिने आली नसेल तर सरावाचा परिणाम म्हणून सोडून देऊ नका. तिला पोटभर जेवायला घाला आणि डॉक्टरांकडे न्या.